पंप बंद पडेल त्या दिवसाची तयारी आधी: गावाने स्वतः चालवायची पाणी आणि संडास योजना

उद्घाटनाच्या दिवशी पाणी येतंच. योजनेचा कस लागतो तो पंप पहिल्यांदा बंद पडतो तेव्हा. वॉशर कोणाकडे आहे, पाना कोणाकडे आहे, पैसे कोणाकडे आहेत, आणि पंप उघडायचा कोणी? या चार प्रश्नांची उत्तरं गावात नसतील, तर बायका दुसऱ्या दिवशीच डोक्यावर हंडा घेऊन जुन्या डबक्याची वाट धरतात. २००९ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या २० आफ्रिकी देशांमधली हातपंपांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा साधारण दर तीन पंपांमागे एक बंद निघाला. तिथे पंप बसवायला पैसे मिळाले होते, चालवायची व्यवस्था मात्र बसवायची राहून गेली होती.

म्हणून या लेखातल्या पायऱ्या त्या बिघाडाच्या दिवसाकडे बघून मांडल्या आहेत. गाव गरीब आहे, शिकलेली माणसं थोडी आहेत आणि बाहेरची मदत आज आहे तर उद्या नाही, असंच धरून चाला.

आधी गाव बघा, मग पाइप

पहिल्या बैठकीत कुठलंही तंत्रज्ञान सुचवू नका. गावकऱ्यांनाच मोकळ्या जागेत, जमिनीवर राख किंवा चुन्याने गावाचा नकाशा काढू द्या. प्रत्येक घर, प्रत्येक विहीर, झरा, ओढा, गुरांची पाण्याची जागा आणि लोक उघड्यावर जिथे बसतात त्या जागा, सगळं त्यात यायला हवं. नकाशा काढणाऱ्यांची नजर कुठे जात नाही, तिकडे लक्ष ठेवा. गावाच्या टोकाची, बाजूला पडलेली, सगळ्यात गरिबांची घरं नकाशावर बहुतेक वेळा शेवटी येतात किंवा येतच नाहीत. त्यातलं सगळ्यात लांबचं आणि उंचावरचं घर शोधा आणि त्यावर मोठी खूण करा. ते आपलं ‘शेवटचं घर’. पुढचा प्रत्येक निर्णय या घराला लावून तपासायचा.

बैठकीची वेळ बायकांना विचारून ठरवा. त्या आल्या तरी पुरुषांसमोर बोलतीलच असं नाही, म्हणून त्यांची बैठक वेगळीही घ्या. पाणी कुठलं मचूळ, कुठलं डाळ शिजवायला चांगलं, कुठला झरा कडक उन्हाळ्यात कधीच आटत नाही, ही माहिती पाणी भरणाऱ्यांकडेच असते. पाण्याची तरतूद, व्यवस्थापन आणि राखण यांत स्त्रियांचा वाटा केंद्रस्थानी आहे, हे १९९२ च्या डब्लिन इथल्या पाणी परिषदेने आपल्या चार तत्त्वांपैकी एक म्हणून मांडलं. गावात ते खुर्ची मांडण्यापासून सुरू होतं.

याच बैठकीत एक हिशोब सगळ्यांसमोर करा. पाच माणसांच्या घराला माणशी ५० लीटर धरले तर दिवसाला २५० लीटर लागतात. एका खेपेत २० लीटर, म्हणजे वीस किलो वजन. साडेबारा खेपा झाल्या. जाऊन-येऊन एका खेपेला अर्धा तास धरला तरी सहा तासांवर वेळ गेला. इतकं कोणी वाहत नाही. मग घर कमी पाण्यात भागवतं, आणि सगळ्यात आधी कमी होतं ते हात धुणं. हा हिशोब ऐकताना पुरुष गप्प होतात. पैसे गोळा करायचा विषय त्यानंतरच काढावा.

पाणी किती आहे, ते बादलीने मोजा

झऱ्याचं पाणी पावसाळ्यानंतर मोजलं तर फसगत ठरलेली. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत मोजा. सगळं पाणी एका पाइपातून किंवा पन्हळीतून पडेल असा छोटा बांध घाला, खाली दहा लीटरची बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते पाहा. असं पाच वेळा करून सरासरी काढा.

समजा बादली २५ सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला २४ लीटर आणि दिवसाला ३४,५६० लीटर. आता गरज काढू. ३०० माणसांना माणशी ५० प्रमाणे १५,००० लीटर. साठ मोठी जनावरं, प्रत्येकी ४० प्रमाणे २,४००. शंभर शेळ्या, प्रत्येकी ५ प्रमाणे ५००. बेरीज १७,९००. गळती आणि सांडण्यासाठी पाचवा हिस्सा वाढवला की साधारण २१,५०० होतात. आज बघायला गेलं तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त पाणी शिल्लक दिसतं. पण योजना वीस वर्षं चालवायची आहे. लोकसंख्या वर्षाला दोन टक्क्यांनी वाढली तर वीस वर्षांत ती जवळपास दीडपट होते आणि गरज ३२,००० लीटरवर जाते. म्हणजे झरा जेमतेम पुरतो. त्याच झऱ्यावर खालचं गाव अवलंबून असेल, तर त्यांच्याशी आत्ताच बसून बोला. पाइप टाकल्यावर होणारी बोलणी भांडणातच संपतात.

विहीर किंवा बोअर असेल तर पंप लावून सलग उपसा करा. पातळी किती खाली जाते आणि उपसा थांबल्यावर किती वेळात परत वर येते, ते दोरीला गाठी मारून मोजा.

पाणी कसं आहे

इथे एक मोठा धडा बांगलादेशाने दिला आहे. साचलेलं पाणी पिऊन मुलं जुलाबाने मरत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून तिथे मोठ्या प्रमाणावर कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगलाच होता. पण जमिनीतल्या आर्सेनिक या विषाची तपासणी कोणी केली नव्हती. १९९३ मध्ये ते पाण्यात सापडलं, तोवर लोक कित्येक वर्षं ते पीत होते. पुढे विषारी नळांना लाल आणि चांगल्यांना हिरवा रंग दिला गेला. शेजारीशेजारी असलेल्या दोन नळांचे रंगही वेगळे निघत.

म्हणून खोदकामानंतर आणि जोडणीआधी एकदा प्रयोगशाळेतून पूर्ण रासायनिक तपासणी करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा लक्षात ठेवा: लीटरमागे आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम, नायट्रेट ५० मिलिग्रॅम. पाणी उकळून यातलं काहीही जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. जंतूंचं तसं नाही. त्यांच्यावर उपाय आहे, पण ते रोज बदलतात, म्हणून त्यांची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. १०० मिलीलीटर पाण्यात ई. कोलाय हा मैल्यातून येणारा जंतू एकही सापडता कामा नये.

जेवढी दुरुस्ती झेपेल, तेवढंच तंत्र

झरा गावापेक्षा उंचावर असेल तर दुसरा विचारच करू नका. गुरुत्वाने येणाऱ्या पाण्याला वीजही लागत नाही आणि डिझेलही. मलावीमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून डोंगरातलं पाणी असंच खाली आणलं गेलं, आणि मैलोन्मैल चर गावकऱ्यांनी स्वतः खणले. दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळतो. सगळे नळ चालू असताना शेवटच्या घराशी निदान पाच ते दहा मीटर दाब उरला पाहिजे. पाइपाच्या चढावर हवा अडकते, तिथे ती बाहेर सोडणारी झडप, म्हणजे एअर व्हॉल्व्ह, बसवा. खोलगट जागी गाळ बसतो, तिथे तो बाहेर सोडायला तोटी ठेवा. उतार फार असेल तर मध्ये दाब मोडणारी टाकी बांधा, नाहीतर पाइप फुटतात. झऱ्याचा उगम काँक्रीटच्या झाकलेल्या पेटीत घ्या, वरच्या अंगाला पावसाचं पाणी वळवणारा चर काढा आणि गुरं येऊ नयेत म्हणून कुंपण घाला. रात्री वाहणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून टाकी दिवसाच्या निम्म्या गरजेएवढी हवी.

झरा खाली असेल तर हातपंप, नाहीतर सौर किंवा विजेचा पंप आणि उंच टाकी. विजेच्या पंपाबाबत माझं मत स्पष्ट आहे. मोटार जळाली तर ती बाहेर काढून, नेऊन, दुरुस्त करून आणायला किती दिवस आणि किती पैसे लागतील याचं उत्तर गावाकडे नसेल, तर आधी हातपंप घ्या.

हातपंप मात्र जवळून ओळखा. दोन तपासण्या कोणालाही करता येतात. पाणी वर येईपर्यंत पंप मारा, मग अर्धा तास हात लावू नका. पुन्हा मारायला घेतल्यावर पाच दांड्यांच्या (दांडा एकदा पूर्ण खाली-वर म्हणजे एक) आत पाणी यायला हवं. जास्त दांड्या लागल्या तर खालच्या झडपेतून किंवा पाइपाच्या सांध्यातून पाणी गळून जातंय. दुसरी तपासणी म्हणजे एका मिनिटात चाळीस पूर्ण दांड्या मारून बादलीत पडलेलं पाणी मोजायचं. दहा लीटरपेक्षा कमी आलं तर आतलं वॉशर गेलं. ते एकदा सगळ्यांना हातात घेऊन बघू द्या. चांगल्या वॉशरची कड अंगठ्याला ताठ लागते आणि सगळीकडे सारखी असते. झिजलेलं वॉशर एका बाजूने पातळ होऊन मुडपलेलं असतं, त्यावर वाळूच्या बारीक रेघा उमटलेल्या दिसतात. रेघा दिसल्या तर बोअरमधून वाळू येतेय, आणि नुसतं वॉशर बदलून ती थांबणार नाही. १९८० च्या दशकात गावातच दुरुस्त करता येईल अशा पंपांचा आग्रह धरला गेला, तो याच कारणाने. एखादा पंप निवडताना त्याचा सुटा भाग जवळच्या बाजारात मिळतो का, हे विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर सोडू नका. गावातल्या दोघांना तो विकत आणायला पाठवा आणि किती दिवसांनी परत येतात ते बघा.

पंपाभोवतीचा ओटा उताराचा असावा आणि सांडपाणी शोषखड्ड्यात किंवा झाडांच्या आळ्यात जावं. पाणी साचलं की डास होतातच, आणि तेच घाण पाणी परत बोअरमध्ये झिरपतं.

पाणी समिती आणि पैसा

बहुतेक योजना इथे मोडतात, पाइपात नाही.

समितीत सात ते अकरा जण पुरे. निम्म्या बायका, आणि गावाच्या प्रत्येक वस्तीतून किमान एक जण. निवड उघड बैठकीत करा, मुदत ठरलेली असू द्या आणि काम न करणाऱ्याला मध्येच बदलण्याचा नियम पहिल्या दिवशीच लिहा. खजिनदार आणि पंप सांभाळणारा एकाच घरातले नकोत. पंप सांभाळणाऱ्या माणसाला मानधन द्या, थोडं का होईना. फुकट काम करणारा पहिले सहा महिने उत्साहाने करतो, पुढे शेतीच्या घाईत त्याला वेळ होत नाही, आणि त्याला बोलायचा हक्कही कोणाला उरत नाही. दुरुस्तीचं शिक्षण किमान चौघांना मिळू द्या, त्यात दोन बायका असाव्यात. तरुण मुलं कामासाठी गाव सोडतात आणि शिकलेली कला त्यांच्याबरोबर जाते.

पाणीपट्टी ठरवण्याची रीत अशी. वर्षाला लागणाऱ्या गोष्टींची यादी करा: मानधन, वीज किंवा इंधन, ब्लिचिंग पावडर, सुटे भाग, तपासणी. मग योजनेतल्या टिकाऊ वस्तू घ्या आणि प्रत्येकीची किंमत तिच्या आयुष्याच्या वर्षांनी भागा. पंप दहा वर्षं टिकणार असेल तर त्याच्या किमतीचा दहावा हिस्सा दरवर्षी बाजूला पडला पाहिजे. ही रक्कम यादीत धरायला लोक का-कू करतात, कारण ती आज खर्च होत नाही. पण हीच सोडली तर दहाव्या वर्षी गाव पुन्हा मदतीसाठी कोणाच्या तरी दारात उभं राहतं. एकूण रकमेला घरांच्या संख्येने भागताना शंभर घरांचं गाव असेल तर ऐंशीने भागा, कारण सगळे वेळेवर देणार नाहीत, आणि काही जणांना माफी द्यावीच लागेल.

माफी कोणाला, हे समितीने गुपचूप ठरवू नये. एकटी म्हातारी, अपंग, कमावता माणूस गेलेलं घर, अशी नावं बैठकीतच ठरवा. ज्यांच्याकडे दर महिन्याला रोख नसते त्यांना पीक हाती आल्यावर देण्याची सोय द्या, नाहीतर चर खणणं, टाकी धुणं असं श्रमदान घ्या. गरीब देत नाहीत हा माझा अनुभव नाही. हिशोब दिसला नाही की देत नाहीत. म्हणून प्रत्येक पैशाची पावती, बँकेत दोघांच्या सहीचं खातं, आणि दर महिन्याचा जमाखर्च भिंतीवर मोठ्या अक्षरांत. वाचता न येणाऱ्यांसाठी तो बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

थकबाकीदाराचं पाणी पहिल्याच महिन्यात तोडू नका. सामायिक संपत्ती लोक स्वतः कशी सांभाळतात याचा जन्मभर अभ्यास केलेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जगभरच्या टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना एक गोष्ट सारखी दिसली: शिक्षा पायरीपायरीने वाढते. आधी घरी जाऊन विचारणं, मग बैठकीत नाव, मग दंड, आणि सगळ्यात शेवटी खासगी नळ बंद. पिण्यापुरतं पाणी मात्र सार्वजनिक नळावर कोणालाच नाकारू नका. पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी मान्य केलं आहे.

संडास: पाण्याइतकंच, आणि पाण्याबरोबरच

पाणी आलं आणि मैला उघड्यावरच राहिला, तर आजार फारसे कमी होत नाहीत. मैल्यातले जंतू हात, माश्या, शेत आणि पाणी या वाटांनी अन्नात आणि तोंडात पोचतात. संडासाने यातल्या बऱ्याच वाटा एकदम अडतात, साबणाने हात धुण्याने उरलेली मोठी वाट बंद होते. पण गावातल्या काहींनीच संडास वापरला तर शेजाऱ्याच्या माश्या सगळ्यांच्याच ताटावर बसतात. म्हणून हा प्रश्न एकेका घराचा राहत नाही.

बांगलादेशातल्या राजशाही जिल्ह्यात मोसमोइल नावाच्या गावात कमल कार यांनी १९९९-२००० च्या सुमारास एक वेगळा प्रयोग केला. अनुदान नाही, तयार नमुना नाही. लोकांना त्यांच्याच गावात फिरवून, मैला कुठे पडतो आणि कुठे पोचतो हे बघायला लावलं. ठरवलं गावानेच. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. गावफेरी जरूर करा. पण ही पद्धत राबवताना काही ठिकाणी लोकांना लाजवण्याचे, दंड करण्याचे प्रकार झाले, ते मला मुळीच मान्य नाहीत. ज्याच्याकडे खड्डा खणायला अंगात बळ नाही त्याचा अपमान करून संडास होत नाही. त्याचा खड्डा शेजाऱ्यांनी खणून द्यावा.

पाणी वापरणाऱ्या घरांसाठी दोन खड्ड्यांचा संडास मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. खड्डे विहिरीपासून किमान ३० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला. खड्ड्याचा तळ भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा किमान दीड मीटर वर. जमीन भेगाळ खडकाची असेल तर अंतर वाढवा, कारण भेगांतून पाणी गाळलं जात नाही, थेट धावतं. खड्ड्याची भिंत मध्ये भोकं ठेवून जाळीसारखी बांधलेली, तळ मातीचाच. भांडं जास्त उताराचं आणि पाण्याचा सील (भांड्याच्या वाकात साचून वास अडवणारं पाणी) २० मिलिमीटरचा घेतला तर दीड-दोन लीटर पाण्यात काम होतं. दोन्ही खड्ड्यांकडे जाणारा फाटा असतो, त्यातलं एक तोंड बंद ठेवायचं. दोन्ही तोंडं उघडी ठेवली तर दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि सगळी रचनाच वाया जाते. गवंडी हे सांगायला विसरतात, तेव्हा घरातल्या बाईला झाकण उघडून प्रत्यक्ष दाखवा.

पहिला खड्डा भरला की तोंड बदला आणि तो दोन वर्षं बंद ठेवा. जंताची अंडी सगळ्यात चिवट, त्यांच्यासाठी इतका वेळ द्यावाच. त्यानंतर पहिला खड्डा उघडताना लोक नाकाला फडकं बांधून दूर उभे राहतात. आत निघते ती काळपट-तपकिरी, भुसभुशीत माती. मुठीत दाबली की ढेकूळ होतं, बोटाने टोकरलं की सुटतं, आणि वास येतो पहिल्या पावसानंतरच्या जमिनीचा. हे सोनखत फावड्याने काढायचं आणि झाडांना घालायचं. एकदा गावाने हे बघितलं की मैला कोणी उपसायचा हा प्रश्नच राहत नाही, आणि तो कोणा एका समाजाच्या माथी मारण्याची वेळ येऊ नये, हेच मला या रचनेचं सगळ्यात मोठं मोल वाटतं.

पाणी फार कमी असेल तिथे हवेशीर खड्ड्याचा संडास बघा. आजच्या झिम्बाब्वेत १९७० च्या दशकात पीटर मॉर्गन यांनी तो घडवला. उंच नळीवरून वारा वाहतो आणि खड्ड्यातली दुर्गंधी वर ओढली जाते. आत अंधार ठेवतात, त्यामुळे माश्या नळीतल्या उजेडाकडे झेपावतात आणि वरच्या जाळीशी अडकतात. जाळी फाटली तर संडास निकामी झाला असं समजा.

भूजल उथळ असेल तर खड्डा जमिनीवर उंच चौथरा करून बांधावा लागतो. लहान मुलांची शी निरुपद्रवी असते असं बऱ्याच घरांत मानतात, ते खरं नाही. तीही संडासातच गेली पाहिजे. म्हाताऱ्यांना धरायला दांडा, बायकांना आतून कडी आणि पाळीच्या दिवसांत पाणी नि कापडाची सोय, याशिवाय संडास पूर्ण झाला असं म्हणू नका. हात धुण्याची जागा संडासाच्या दाराशीच हवी. दहा पावलं लांब असली की विसरते.

पाणी शुद्ध करण्याचं रोजचं काम

विहिरीत ब्लिचिंग पावडर घालताना अंदाजपंचे मूठभर टाकू नका. गोल विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. ३.१४ गुणिले व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, भागिले ४, गुणिले १,०००, इतके लीटर पाणी. तीन मीटर व्यास आणि चार मीटर खोली असेल तर २८,२६० लीटर. चांगल्या पावडरचं प्रमाण १,००० लीटरला साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला सुमारे ७० ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळलेलं पाणी विहिरीत, खालचा चुना बाहेर. हे काम रात्री करा म्हणजे सकाळपर्यंत औषध मुरतं. अर्ध्या तासानंतर लीटरमागे ०.५ मिलिग्रॅम आणि नळाशी निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलं पाहिजे. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, तिथे मात्रा वाढवावी लागते. पावडर हवाबंद डब्यात, अंधारात ठेवा. उघड्या पोत्यातली पावडर काही आठवड्यांत दम सोडते, आणि गाव निर्धास्तपणे नुसता चुना विहिरीत टाकत राहतं.

महिन्याची फेरी

समितीने महिन्यातून एकदा एक वही, दहा लीटरची बादली, घड्याळ आणि क्लोरीन तपासायचा किट घेऊन फिरावं. फेरी टाकीपासून सुरू करण्याची सवय असते, ती मोडा. शेवटच्या घरापासून सुरू करा. नळाखाली बादली धरा, किती सेकंदांत भरते ते वहीत मागच्या महिन्याच्या आकड्याखाली लिहा. क्लोरीन बघा. संडासाचं दार उघडून तो वापरात आहे की त्यात सरपण रचलंय ते पाहा. घरातल्या बाईला विचारा की या महिन्यात किती दिवस पाणी आलं नाही. मग आकडे जुळवा. बादली भरायला मागच्यापेक्षा जास्त वेळ लागला असेल तर बैठकीची वाट बघू नका. त्याच दिवशी पाइपाच्या कडेने टाकीकडे चालत जा. वाटेत जिथे कोरड्या जमिनीत एखादाच ओला डाग किंवा एकट्याच हिरव्या गवताचा झुबका दिसेल, तिथे खणा.